तीन वाघिणी

मुलांनो, आपण रोज जी भाषा बोलतो, तिच्यातील शब्द आपल्या इतके अंगवळणी पडलेले असतात की, त्यांच्याकडे थांबून पाहावे असे आपल्या मनातही येत नाही. परंतु एखादा साधा शब्द घेऊन त्याची नीट विचारपूस केली, तर तो आपली मोठी कुळकथा सांगू लागतो. असाच एक शब्द आज आपण घेऊ. तो शब्द म्हणजे 'वाघीण'.

प्रथम पुढील तीन वाक्ये वाचा :

'नागझिऱ्याच्या जंगलात एक वाघीण आपल्या बछड्यांसह पाणवठ्यावर आली.'

'विद्या हे वाघिणीचे दूध आहे.'

'कोळशाने भरलेल्या पन्नास वाघिणी गोंदिया स्टेशनातून पुढे गेल्या.'

तिन्ही वाक्ये शुद्ध मराठी आहेत आणि तिन्ही वाक्यांत शब्द एकच आहे. परंतु पहिल्या वाक्यातील वाघिणीला चार पाय आहेत, तिसऱ्या वाक्यातील वाघिणीला लोखंडाची आठ चाके आहेत, आणि दुसऱ्या वाक्यातील वाघीण तर डोळ्यांना दिसतच नाही. ती केवळ मनाने ओळखावयाची आहे. एकाच शब्दाला असे तीन निरनिराळे अर्थ कसे प्राप्त झाले? ते एकाच मुळातून फुटले आहेत काय? याचा शोध घेण्यास गोंदिया जिल्ह्यासारखे दुसरे योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा जिल्हा तळ्यांचा, भाताचा आणि जंगलांचा आहे. येथे खरोखरीचे वाघही आहेत आणि रेल्वेचे मोठे जंक्शनही आहे.

आपण पहिल्या वाघिणीपासून आरंभ करू.

'वाघीण' हे 'वाघ' या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप होय. वाघ हा शब्द फार जुन्या घराण्यातला आहे. संस्कृतात त्याला 'व्याघ्र' असे म्हणतात. वेदांपैकी सर्वांत प्राचीन जो ऋग्वेद, त्यात सिंहाचा उल्लेख आहे, पण वाघाचा नाही. वाघाचे नाव पुढे अथर्ववेदात आढळते. जुने पंडित 'व्याघ्र' या शब्दाची फोड 'विशेष रीतीने हुंगणारा' अशी करीत. वाघ सावज शोधताना नाकापेक्षा डोळ्यांवर आणि कानांवरच अधिक विसंबतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. तथापि वासाचेही त्याच्या आयुष्यात मोठे महत्त्व असते. झाडाझुडपांवर आपला वास सोडून तो आपल्या मुलुखाच्या सीमा आखतो, आणि दुसऱ्या वाघाने सोडलेला वास हुंगून त्याची वार्ता घेतो.

संस्कृतातील 'व्याघ्र' लोकांच्या बोलण्यात झिजत गेला. प्राकृत भाषेत त्याचा 'वग्घ' झाला आणि मराठीत 'वाघ' झाला. ही झीज कशीही झालेली नाही; तिला नियम आहे. संस्कृत 'हस्त' याचे प्राकृतात 'हत्थ' आणि मराठीत 'हात' झाले. 'कर्ण' याचे 'कण्ण' आणि मग 'कान' झाले. 'सप्त' याचे 'सत्त' आणि मग 'सात' झाले. जोडाक्षर सुटे झाले आणि त्याच्या आधीचा स्वर लांबला. याच वाटेने 'वाघ' आपल्यापर्यंत चालत आला. याच शब्दाला हिंदीत 'बाघ' म्हणतात, कारण संस्कृतातील आरंभीच्या 'व' च्या जागी हिंदीत पुष्कळदा 'ब' येतो. गोंदिया जिल्ह्यात वैनगंगेची एक उपनदी वाहते. तिला कोणी 'वाघ नदी' म्हणतात, तर कोणी 'बाघ नदी' म्हणतात. पाणी एकच, नावही एकच. उच्चार मात्र दोन भाषांचे आहेत.

जंगलातील वाघिणीचे जीवन मोठे कष्टाचे असते. ती सुमारे साडेतीन महिने गर्भ वाहते आणि एका वेळी बहुधा दोन ते चार पिलांना जन्म देते. जन्मतः पिलांचे डोळे मिटलेले असतात आणि वजन सुमारे एक किलोग्रॅमच असते. त्यांना दूध पाजणे, त्यांच्यासाठी शिकार करणे, धोका दिसताच त्यांना तोंडात धरून दुसऱ्या जागी नेणे, आणि पुढे त्यांना शिकारीचे शिक्षण देणे ही सर्व कामे ती एकटीच करते. पिले सुमारे दोन वर्षांची होईपर्यंत आईच्या छायेत राहतात. ही झाली आपली पहिली वाघीण. तिचे नाव तिला वंशपरंपरेने मिळालेले आहे.

आता दुसऱ्या वाघिणीकडे वळू.

माणूस प्राण्यांच्या शेजारी राहू लागला, तेव्हा त्यांचे गुणदोष त्याच्या ध्यानात आले आणि ते त्याने माणसांना लावले. भोळ्या माणसाला आपण 'गाय' म्हणतो, लबाडाला 'कोल्हा' म्हणतो आणि शूराला 'वाघ' म्हणतो. ही पद्धत किती जुनी आहे पाहा. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी पाणिनी नावाचा थोर व्याकरणकार होऊन गेला. त्याच्या 'अष्टाध्यायी' या ग्रंथात यासाठी एक स्वतंत्र नियम आहे. पुरुषाला वाघाची उपमा देऊन 'पुरुषव्याघ्र' असा समास करता येतो. मात्र ज्या गुणामुळे ही उपमा दिली तो गुण उघड सांगावयाचा नाही, अशी त्या नियमात अट आहे. अशा शब्दांच्या यादीला पाणिनीने 'व्याघ्र इत्यादी' असेच म्हटले आहे. म्हणजे या यादीत पहिला मान वाघाचाच!

या नियमात लाक्षणिक शब्दांचे सारे मर्म आहे. 'हा मुलगा वाघ आहे' असे म्हटल्यावर 'शूर' हा शब्द उच्चारावा लागत नाही. ऐकणारा तो गुण आपल्या मनाने भरून काढतो. परंतु त्यासाठी वाघ कसा असतो, हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही माहीत असावे लागते. ज्याला वाघ ठाऊक नाही, त्याला हे वाक्य कळणार नाही.

मराठीत वाघाच्या नावावर असे कितीतरी शब्द उभे आहेत. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट झाली. त्या प्रसंगाच्या कथेत येणाऱ्या 'वाघनखे' या शस्त्राला त्याच्या आकारावरून नाव मिळाले. मांजरीला आपण 'वाघाची मावशी' म्हणतो, कारण दोघांची चाल आणि चेहरा यांत नात्यासारखे साम्य आहे. 'वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो' या म्हणीतला वाघ शूर नव्हे. तो कोणत्याही विनवणीने न टळणारे संकट आहे. एकाच प्राण्यात कोणी शौर्य पाहिले, कोणी आकार पाहिला, कोणी भय पाहिले. साम्य जसे बदलते, तसा शब्दाचा अर्थ बदलतो.

'वाघिणीचे दूध' हा शब्दप्रयोगही याच जातीचा आहे. 'निबंधमाला' या मासिकाचे कर्ते विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी इंग्रजी भाषेच्या शिक्षणाला वाघिणीचे दूध म्हटले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्या काळी देशावर इंग्रजांचे राज्य होते. त्यांच्याच भाषेतून नवे ज्ञान आणि नवे विचार येत होते, आणि ते विचार आत्मसात करणारा तरुण निर्भय होऊन राज्यकर्त्यांनाच जाब विचारू लागत होता. या शब्दप्रयोगात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. वाघिणीचे दूध काढावयास जाणे हे सोपे काम नव्हे. आणि ते पचवले तर वाघाचेच बळ येणार, अशी कल्पना आहे. म्हणून अवघड, परंतु बळ देणारी विद्या म्हणजे वाघिणीचे दूध. पुढे हा शब्दप्रयोग केवळ इंग्रजीपुरता न राहता सर्वच शिक्षणाला लावला जाऊ लागला. ही झाली दुसरी वाघीण. ती पहिलीच्याच गुणांवरून निर्माण झालेली आहे.

आता तिसरी वाघीण, म्हणजे रेल्वेची. मालगाडीच्या डब्याला मराठीत 'वाघीण' म्हणतात. मालगाडीचे काही डबे रुळांवरून घसरले, तर 'वाघिणी घसरल्या' असे वर्तमानपत्रांत छापून येते. गोंदियास तर असल्या वाघिणी रोज पाहावयास मिळतात. हे स्टेशन मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळापासून येथून मालाची मोठी ने-आण होत आली आहे. याच जिल्ह्यातील तिरोडा येथे वीजनिर्मितीचे मोठे केंद्र आहे, आणि त्याला लागणारा कोळसा वाघिणींतूनच येतो.

या डब्याला वाघीण का म्हणत असावेत बरे? तुमच्यापैकी एखादा चटकन म्हणेल, 'गाडी वाघिणीसारखी गर्जना करीत धावते म्हणून!' दुसरा म्हणेल, 'तिच्या पोटात पुष्कळ मावते म्हणून!' ही उत्तरे ऐकावयास गोड आहेत. परंतु गोड उत्तर खरेच असते असे नाही. आपण ते तपासून पाहू.

पहिली कसोटी साम्याची. डबा स्वतः गर्जना करीत नाही. आवाज इंजिनाचा असतो. गर्जनेवरूनच नाव द्यावयाचे असते, तर लोकांनी इंजिनाला वाघ म्हटले असते. तसे कोणी म्हणत नाही.

दुसरी कसोटी वस्तूच्या इतिहासाची. ही वस्तू आपल्याकडे कोठून आली आणि येताना तिचे नाव काय होते? भारतातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर धावली. रेल्वे इंग्रजांबरोबर आली आणि तिच्यासोबत तिचे शब्दही आले. इंग्रजीत मालगाडीच्या डब्याला 'वॅगन' म्हणतात.

तिसरी कसोटी शेजारच्या भाषेची. गोंदियातील मुले मराठीबरोबर हिंदीही रोज ऐकतात. हिंदीत वाघाच्या मादीला 'बाघिन' म्हणतात. साम्य पाहून हे नाव पडले असते, तर तेच साम्य हिंदी बोलणाऱ्यालाही दिसले असते आणि तोही डब्याला 'बाघिन' म्हणाला असता. परंतु तो 'वैगन' किंवा 'डिब्बा' म्हणतो.

तिन्ही कसोट्यांचे उत्तर एकच येते. रेल्वेची वाघीण ही वाघाची कोणीही लागत नाही. ती इंग्रजी 'वॅगन' या शब्दाचे मराठी रूप आहे. लोहमार्गावर राबणाऱ्या माणसांच्या कानांवर हा परका शब्द पडला. त्याच्याशी मिळताजुळता 'वाघीण' हा शब्द त्यांच्या तोंडी आधीच होता. परका शब्द त्या ओळखीच्या शब्दाकडे ओढला गेला; 'ग' चा 'घ' झाला, 'न' चा 'ण' झाला. तो स्त्रीलिंगी झाला, त्याचे अनेकवचन 'वाघिणी' झाले, आणि थोड्याच काळात तो मराठीच्या घरात असा रुळला की, तो बाहेरून आला आहे हे कोणाच्या लक्षातही राहिले नाही. अनोळखी शब्दाला अशा रीतीने ओळखीचे रूप देणे यास 'लोकव्युत्पत्ती' असे म्हणतात.

याचे दुसरे उदाहरण गिरणीत सापडेल. गिरणीच्या धुराड्याला आपण 'चिमणी' म्हणतो. अंगणात दाणे टिपणाऱ्या चिमणीशी या चिमणीचा काही संबंध नाही. पहिले नाव पक्ष्याच्या चिमण्या आकारावरून पडले. दुसरे इंग्रजीतून आले. येथेही शेजारच्या भाषेची कसोटी लावून पाहा. हिंदीत धुराड्याला 'चिमनी' म्हणतात, पण पक्ष्याला 'गौरैया' म्हणतात. याउलट बंदुकीचा 'घोडा' घ्या. हिंदीतही बंदुकीला 'घोड़ा' असतो. तेथे नाव उच्चारावरून आलेले नसून प्राण्यावरूनच आलेले आहे.

तेव्हा आपल्या तीन वाघिणींचा निवाडा असा झाला. पहिलीला नाव वंशपरंपरेने मिळाले, दुसरीला गुणांच्या साम्यावरून मिळाले, आणि तिसरीला केवळ ध्वनीच्या साम्यामुळे मिळाले. शब्द सारखे दिसले म्हणजे त्यांचे नाते जुळलेच असे समजू नये; आणि गोष्ट रंजक आहे म्हणून ती खरी मानू नये. शब्दांच्या बाबतीत ही सवय लागली, की इतर बाबतींतही ती उपयोगी पडते.

येथे कोणी विचारील, की शब्द टिकून आहेत, मग आणखी चिंता कशाची? चिंता पहिल्या वाघिणीची आहे. नवेगाव आणि नागझिरा येथील जंगलांना डिसेंबर २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. हे जंगल एका बाजूने ताडोबाच्या, तर दुसऱ्या बाजूंनी पेंच आणि कान्हा यांच्या वनांशी जोडलेले आहे, आणि वाघ या वाटांनी एका वनातून दुसऱ्या वनात ये-जा करतात. येथे वाघांची, विशेषतः वाघिणींची, संख्या कमी पडत होती. म्हणून मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरीच्या वनांतून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. त्या कोठे हिंडतात हे कळावे म्हणून त्यांच्या गळ्यात संदेश पाठविणारे पट्टे बसविले होते.

परंतु वाघांच्या या वाटा महामार्गांनी आणि लोहमार्गांनी जागोजागी छेदलेल्या आहेत. गोंदियाहून दक्षिणेस बल्लारशाकडे जाणारा लोहमार्गही जंगलांतून जातो. नोव्हेंबर २०१८ मध्ये याच मार्गावर, चंद्रपूर जिल्ह्यातील जुनोन्याच्या जंगलात, एका वाघिणीचे तीन बछडे आगगाडीखाली सापडून मरण पावले. एरवी जिची आणि ज्याची गाठ केवळ शब्दकोशात पडावी, ती जंगलातील वाघीण आणि लोहमार्ग अशा प्रकारे प्रत्यक्षात एकमेकांसमोर येतात. आगगाडी आपल्याला हवी आहे. कोळसा, धान्य आणि माणसे तिच्यातूनच जातात. परंतु जंगलातून जाताना गाडीचा वेग आवरणे, आणि जनावरांसाठी मार्गाखालून अगर मार्गावरून वाट राखणे हे माणसाला शक्य आहे.

पाणिनीच्या नियमातील अट आठवा. गुण उघड सांगावयाचा नाही. तो ऐकणाऱ्याने ओळखावयाचा. वाघाचा गुण ओळखणारी माणसे त्याच्या शेजारी राहत होती, म्हणून आपल्या भाषेत हे शब्द आले. रुळांवरची वाघीण वाघावाचूनही धावत राहील, कारण तिचे नाते वाघाशी नाही. परंतु 'हा मुलगा वाघ आहे' असे म्हणताना आपण जे काही म्हणतो, ते नागझिऱ्याच्या जंगलात फिरणाऱ्या वाघाच्याच आधारावर म्हणतो. तो वाघ तेथे असला पाहिजे.

स्वाध्याय

१. 'वाघीण' या शब्दाचे तीन अर्थ कोणते? प्रत्येक अर्थाचे एक एक वाक्य स्वतः तयार करा.

२. 'व्याघ्र – वग्घ – वाघ' याप्रमाणे 'हस्त' आणि 'कर्ण' या शब्दांचा प्रवास लिहा. 'अष्ट' या शब्दाचे मराठीत काय झाले असेल, ते याच नियमाने शोधा.

३. रेल्वेच्या डब्याचे 'वाघीण' हे नाव प्राण्यावरून पडलेले नाही, हे कोणत्या तीन कसोट्यांनी सिद्ध झाले?

४. लाक्षणिक अर्थाने वापरली जाणारी प्राण्यांची पाच नावे लिहा. प्रत्येक नावामागे कोणते साम्य आहे ते सांगा.

५. 'वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो' ही म्हण कोणत्या प्रसंगी वापराल? तो प्रसंग चार-पाच वाक्यांत लिहा.

६. तुमच्या गावच्या परिसरात प्राण्यांच्या नावांवरून पडलेली गावांची, ओढ्यांची अगर टेकड्यांची नावे गोळा करा. त्यांपैकी कोणते प्राणी आज तेथे दिसतात आणि कोणते दिसत नाहीत, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.